टेक्स्टबॉक्सची चौकट पुन्हा पुन्हा पुसली जाते, त्याचा इलाज

लक्षण असं. विनफॉर्म्समध्ये, म्हणजे डॉटनेटमधल्या विंडोजचे फॉर्म बनवायच्या जुन्या पद्धतीत, एन्ट्रीचा फॉर्म आहे. ज्या टेक्स्टबॉक्समध्ये कर्सर आहे त्याची चौकट जाड आणि रंगीत दिसावी, आकडा चुकला तर लाल व्हावी, एवढंच पाहिजे. आपल्या लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. गिऱ्हाइकाकडे बसवलं की दोन दिवसांत फोन येतो. दुरुस्त करून द्यावं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. मला हा फोन एकाच हंगामात चार वेळा आला. तक्रार चारही वेळा चौकटीचीच होती, पण कारण दर वेळी वेगळं निघालं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

गिऱ्हाईक म्हणजे पांढरकवड्याकडची एक जिनिंग. कापसाची गाडी काट्यावर चढली की दिवाणजी भरल्या गाडीचं वजन टाकतात, माल उतरला की खाली गाडीचं. शेजारी ओलावा, भाव, हमाली. कम्प्युटर टिनाच्या खोलीत, मॉनिटर जुना, पंधरा इंची, चौकोनी. खोलीचं दार काट्याकडे उघडं, त्यामुळे दुपारी दोननंतर ऊन थेट स्क्रीनवर येतं. त्या उन्हात विंडोजची ती बारीक करडी रेघ कोणालाच दिसत नाही, पाचही डबे मिळून एक पांढरी चादर होते. एका दुपारी ५२.४० खाली गाडीत पडलं आणि १९.८० भरल्या गाडीत. निव्वळ वजन उणे ३२.६०, आणि तशीच पावती छापून बाहेर. दिवाणजींचा फोन आला, "भाऊ, तुमचा कम्प्युटर म्हणते का कास्तकारानंच आपल्याकडून बत्तीस क्विंटल कापूस नेला!"

खाली वजन भरल्या वजनापेक्षा जास्त होऊच नये, ही तपासणी मी आधीच घालायला हवी होती. ती त्याच रात्री घातली. पण दिवाणजींचं म्हणणं खरं होतं. कर्सर कोणत्या डब्यात आहे ते आधी दिसलं तर पाहिजे.

मूळ भानगड काय आहे

विनफॉर्म्सच्या टेक्स्टबॉक्सला बॉर्डरस्टाइल नावाची प्रॉपर्टी आहे. तिच्यात तीनच पर्याय: नन, फिक्स्डसिंगल आणि फिक्स्डथ्रीडी. काही न बदलता ठेवलं तर फिक्स्डथ्रीडी. बॉर्डरकलर नावाची प्रॉपर्टी नाहीच. नवीन पोरं अर्धा दिवस प्रॉपर्टी विंडोत ती शोधत बसतात, मीही बसलो होतो.

ती का नाही, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. विनफॉर्म्सचा टेक्स्टबॉक्स म्हणजे विंडोजच्या जुन्या एडिट कंट्रोलवर चढवलेला सदरा. अक्षरं विंडोजच काढतं, कर्सरही तेच लुकलुकवतं. फिक्स्डथ्रीडीची चौकट तर त्या कंट्रोलच्या आतही नसते. ती बाहेरच्या किनारीत असते, तिला नॉनक्लायंट भाग म्हणतात. आपल्याकडे दोन वावरांच्या मधे धुरा असतो ना, तसंच. वावर तुमचं, त्यात काय पेरायचं ते पेरा, पण या धुऱ्यावर हक्क विंडोजचा आहे. तिथे तुम्ही काही रंगवलं आणि विंडोजला न विचारता रंगवलं, तर पुढच्या फेरीला विंडोज येऊन आपली करडी रेघ पुन्हा ओढून जातं.

याच कारणानं टेक्स्टबॉक्सचं ऑनपेंट ओव्हरराइड करून काही होत नाही, ते मुळात बोलावलंच जात नाही. युझरपेंट चालू करून ते बोलावता येतं, पण मग अक्षरंही तुमच्याच गळ्यात पडतात. टाइप केलेलं गायब होतं, फॉन्ट बदलून येतो. त्या वाटेला जाऊ नका.

पहिला फोन: चौकटीला लचका

पहिल्यांदा मी सगळ्यात आळशी उपाय केला. टेक्स्टबॉक्सच्या एंटर इव्हेंटमध्ये (कर्सर डब्यात आला की चालतो तो; बाहेर पडताना चालतो तो लीव्ह) फॉर्मचं क्रिएटग्राफिक्स घेतलं आणि डब्याभोवती हिरवा आयत काढला. लीव्हमध्ये तोच आयत फॉर्मच्या रंगानं पुन्हा काढून पुसला. लॅपटॉपवर एक दिवस चालवून पाहिलं, काही बिघडलं नाही.

जिनिंगवर दिवाणजींनी पहिली नोंद सेव्ह केली, "नोंद झाली" असा मेसेजबॉक्स आला, त्यांनी ओके दाबलं. मेसेजबॉक्स जिथे होता तेवढ्या जागेतली हिरवी रेघ गेली. उरलेली तशीच. "चौकट अर्धी पयाली भाऊ, कोणं लचका तोडल्यासारखी दिसून राहिली," असं त्यांनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही, त्यांनी फोटो पाठवला तेव्हा बसला.

कारण असं. क्रिएटग्राफिक्सनं काढलेलं कुठेही साठवलं जात नाही. तो भाग विंडोजनं पुन्हा रंगवायला घेतला की तुमची रेघ संपली. मग माझ्याकडे का दिसत नव्हतं? विंडोज ८ पासून डेस्कटॉप कंपोझिशन कायम चालू असतं आणि ते बंद करता येत नाही. त्यात प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं राखलेलं असतं, त्यामुळे वर दुसरी खिडकी आली आणि गेली तरी खालच्या खिडकीला पुन्हा रंगवावं लागत नाही. चूक झाकून राहते. जिनिंगचा कम्प्युटर विंडोज ७ चा होता, त्यावर मेमरी वाचवायला कोणीतरी एरो, म्हणजे तेच कंपोझिशन, बंद करून ठेवलेलं. तिथे वर काही आलं की खालचं पुन्हा रंगवलं जातं. विंडोज १० वर हीच चूक पकडायची असेल तर फॉर्म मिनिमाइझ करून परत उघडा.

यावर पहिला सुधार म्हणून रेघ फॉर्मच्या पेंट इव्हेंटमध्ये हलवली, म्हणजे जेव्हा जेव्हा रंगवलं जाईल तेव्हा ती निघेलच. ते बरोबर आहे, फक्त एक खड्डा आहे. रेघ डब्याच्या थेट पालकाच्या, म्हणजे डबा ज्याच्या आत ठेवलाय त्या कंट्रोलच्या, पेंटमध्ये काढावी लागते. माझे वजनाचे डबे ग्रुपबॉक्समध्ये होते आणि मी फॉर्मवर रंगवत होतो. ग्रुपबॉक्सखाली फॉर्मवर काहीही काढा, दिसणार कसं? भाव आणि हमालीला चौकट येत होती, वजनांना येत नव्हती. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, नेमके तेच डबे कोरे.

दुसरा फोन: दोन रेघा, आणि दुपारी तीनला पांढरा फॉर्म

मग ठरवलं की धुऱ्यावरच जायचं, पण रीतसर. टेक्स्टबॉक्सपासून आपला क्लास बनवायचा आणि डब्ल्यूएनडीप्रॉक, म्हणजे विंडोजचे संदेश जिथे येतात ते फंक्शन, ओव्हरराइड करायचं. त्यात डब्ल्यूएम एनसीपेंट ("धुरा रंगव") हा संदेश पकडायचा. त्याचा क्रमांक १३३, हेक्समध्ये ८५. आधी बेसला, म्हणजे मूळ टेक्स्टबॉक्सला, त्याचं काम करू द्यायचं. मग गेटविंडोडीसीनं पूर्ण खिडकीचा डीसी (डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, ज्यावर रंगवायचं ते) घ्यायचा, त्यावर शून्य-शून्यपासून रुंदी वजा १ आणि उंची वजा १ असा आयत आपल्या रंगाच्या पेननं काढायचा, आणि रिलीजडीसीनं डीसी परत करायचा. रेघ टिकते, कारण विंडोज जेव्हा जेव्हा आपली ओढतं तेव्हा लगेच वरून आपली ओढली जाते.

यात चार ठिकाणी पाय घसरतो.

बॉर्डरस्टाइल फिक्स्डथ्रीडीच ठेवावी लागते. फिक्स्डसिंगल ठेवली तर एडिट कंट्रोल ती रेघ आतल्या भागात स्वतःच काढतो, बाहेर धुरा उरतच नाही, आणि १३३ पकडून काढलेला रंग अक्षरं रंगवताना पुसला जातो. "सुरुवातीला दिसते, टाइप केलं की जाते" अशी तक्रार आली तर आधी हेच तपासा.

फिक्स्डथ्रीडीचा धुरा दोन पिक्सेलचा असतो. नव्या थीममध्ये बाहेरचा पिक्सेल रेघेचा आणि आतला पांढरा, म्हणून एकच आयत काढून भागतं. क्लासिक थीममध्ये दोन्ही पिक्सेलवर उठावाच्या रेघा असतात. तिथे बाहेर माझी हिरवी आणि आत विंडोजची काळी, अशा दोन रेघा दिसल्या. दुसरा आयत एक पिक्सेल आत, त्याच रंगानं काढला की दोन पिक्सेलची ठसठशीत चौकट मिळते आणि थीमचा प्रश्नच मिटतो. मात्र दोनपेक्षा जाड इथे होत नाही. त्यासाठी एनसीकॅल्कसाइझ हा धुऱ्याची रुंदी ठरवणारा संदेश पकडून धुराच रुंद करावा लागतो. ते जमतं, पण एका जिनिंगसाठी मी तेवढं केलं नाही.

रंग बदलल्यावर नुसतं इनव्हॅलिडेट करून चौकट बदलत नाही. इनव्हॅलिडेट आतल्या भागापुरतंच असतं. रीड्रॉविंडो बोलवायचं आणि त्याला फ्रेम, इनव्हॅलिडेट आणि अपडेटनाऊ हे तीन झेंडे द्यायचे, बेरीज १२८१. एंटर, लीव्ह आणि आकार बदलणं, तिन्ही ठिकाणी.

चौथा घसरडा भाग माझ्या अंगावर आला. रिलीजडीसी मी विसरलो होतो. सकाळी सगळं ठीक. दिवाळीनंतरची आवक, काट्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग, दिवाणजी एकामागून एक नोंद टाकताहेत, आणि दुपारी तीनच्या सुमारास फॉर्म पांढरा पडतो, बटणंही दिसत नाहीत. बंद करून उघडलं की पुन्हा नीट. एका प्रोसेसला जीडीआय ऑब्जेक्ट्सची (डीसी, पेन, फॉन्ट अशा रंगकामाच्या वस्तूंची) मर्यादा मुळात १०,००० असते. दर एनसीपेंटला एक डीसी घ्यायचा आणि परत करायचाच नाही, तर भरदिवसाच्या आवकेत ती संपते. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना चालू करून पाहा. टॅब दाबत डबे बदलताना आकडा चढतच राहिला तर गळती आहे. रिलीजडीसी फायनलीच्या भागात टाका, म्हणजे मधे एक्सेप्शन आलं तरी डीसी परत जातो.

मल्टीलाइन डब्याला स्क्रोलबार असेल तर बेसला बोलावणं टाळू नका. स्क्रोलबारही याच धुऱ्यावर राहतो, बेस वगळला तर तोच रंगायचा राहतो.

तिसरा फोन: चौकट आली, दिवाणजी चुकले

एनसीपेंट चाललं, पण दोन पिक्सेल उन्हात कमीच पडले. दिवाणजींना जाड पट्टी पाहिजे होती. "खाटेच्या ठाव्यासारखी," ते म्हणाले. तेव्हा मी आता ज्याची शिफारस सगळ्यांना करतो त्या उपायावर आलो. रेघ काढायचीच नाही. टेक्स्टबॉक्सची बॉर्डरस्टाइल नन करायची आणि तो एका पॅनेलमध्ये ठेवायचा. पॅनेलला चारी बाजूंनी ४ पिक्सेलचं पॅडिंग द्यायचं आणि जो रंग हवा तो पॅनेलच्या बॅककलरला. चौकट म्हणजे पॅनेलचा डोकावणारा रंग. पेंट नाही, डीसी नाही, संदेश नाही. विंडोज ७ असो की ११, थीम कोणतीही असो, पुसायला काही उरतच नाही.

एकच पॅनेल मात्र पुरत नाही. एका ओळीचा टेक्स्टबॉक्स आपली उंची फॉन्टवरून ठरवतो. डॉक फिल दिलं, म्हणजे पालकभर पसरायला सांगितलं, तरी तो उभा ताणत नाही, आणि खालच्या बाजूला रंगीत पट्टा जाड दिसतो. ऑटोसाइझ कोडमधून बंद करता येतं, डिझायनरमध्ये ते दिसत नाही, पण मग अक्षरं वरच्या काठाला चिकटतात, कारण एडिट कंट्रोलला उभ्या मध्यात अक्षर बसवता येत नाही. म्हणून दोन पॅनेल: बाहेरचं रंगीत, आतलं पांढरं, पांढऱ्याला थोडं पॅडिंग आणि त्यात टेक्स्टबॉक्स. पांढऱ्या पॅनेलवर क्लिक झालं तर फोकस टेक्स्टबॉक्सला द्या आणि कर्सरही आयबीम ठेवा, नाहीतर माणूस पांढऱ्यावर क्लिक करत बसतो आणि टाइप काहीच होत नाही. डबा रीडओन्ली केला तर आतल्या पॅनेलचा रंगही सोबत बदला.

हे बसवून दिलं. चौकट अशी की काट्यावरून दिसावी. आणि तिसऱ्या दिवशी फोन, "भाऊ, आता चौकट दिसते, पण ते जाते कुठं ते समजून नाही राहिलं." भरल्या वजनानंतर एंटर दाबलं की हिरवी पट्टी थेट हमालीवर, मग ओलाव्यावर, मग खाली वजनावर. दिवाणजी कीबोर्डकडे पाहून आकडे मारतात. वीस वर्षांची सवय आहे, स्क्रीनकडे मान वर होते ती शेवटी. म्हणजे ज्या चुकीसाठी चौकट केली तीच चूक चौकटीमुळे परत आली.

टॅबइंडेक्स हा पालकाच्या आतला क्रमांक असतो. टेक्स्टबॉक्स पॅनेलमध्ये गेला की त्याचा जुना टॅबइंडेक्स त्या पॅनेलपुरता उरतो, फॉर्मवरची रांग पॅनेलच्या टॅबइंडेक्सवर चालते. मी पॅनेलं ज्या क्रमानं ओढून टाकली त्या क्रमानं कर्सर उड्या मारत होता. व्ह्यू मेनूमधल्या टॅब ऑर्डरमध्ये जाऊन बाहेरच्या पॅनेलांना १, २, ३ दिलं की सुटलं. एंटर दाबून पुढच्या डब्यात नेण्यासाठी सिलेक्टनेक्स्टकंट्रोल वापरत असाल तर त्याचा नेस्टेड हा पॅरामीटर ट्रू पाहिजे, नाहीतर पॅनेलच्या आतले डबे त्याला दिसत नाहीत आणि कर्सर आहे तिथेच अडतो.

याच टप्प्यावर लाल रंगाचीही एक गंमत झाली. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, कापसाचा ओलावा ८ टक्के धरून हमीभाव देतं आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल घेत नाही, म्हणून १२ च्या वरचा आकडा पडला की ओलाव्याची चौकट लाल व्हावी असं ठेवलं होतं. ती व्हायची आणि पुढच्या डब्यात गेलं की करडी होऊन जायची. लीव्हमध्ये मी डोळे झाकून करडा रंग लिहिला होता. रंग एंटर, लीव्ह आणि व्हॅलिडेटिंग (आकडा तपासायचा इव्हेंट) अशा तीन ठिकाणी लिहूच नका. चूक आहे का, फोकस आहे का, बंद आहे का, हे पाहून रंग ठरवणारं एकच फंक्शन ठेवा आणि तिन्ही ठिकाणांहून तेच बोलवा. माझ्याकडे चूक सगळ्यात वर. फोकस असला तरी लाल लालच राहतो.

चौथा फोन: कापसाचा ऊकार

हा मात्र इंग्रजीत एन्ट्री करणाऱ्याला कधी येणारच नाही. शेऱ्याच्या डब्यात "कापूस ओला" लिहिलं की पूचा ऊकार खाली कापला जायचा. दिवाणजींना वाटलं चौकटच अक्षरावर चढली. चौकट निर्दोष होती, डबाच बुटका होता.

मी फॉन्ट निर्मला यूआय दिला होता. तो विंडोज ८ पासून येतो, विंडोज ७ वर नाही. मागितलेला फॉन्ट सापडला नाही की डॉटनेट मुकाट्यानं मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ घेतं आणि डब्याची उंची त्यावरून काढतं. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून काढताना विंडोज मंगल उसना आणतं. मंगलला रफार-वेलांटीसाठी वर आणि ऊकारासाठी खाली बरीच जागा लागते. उंची एकाची आणि अक्षरं दुसऱ्याची, मग ऊकार कापला जाणारच. बॉर्डरस्टाइल नन असली की डबा आणखी सातेक पिक्सेल बुटका होतो आणि हे जास्तच खुपतं.

प्रोग्राम सुरू होताना निर्मला यूआय आहे का ते पाहा, नसेल तर मंगल स्पष्टपणे द्या. पॅनेलची उंची डिझायनरमध्ये ठोकून ठेवू नका. टेक्स्टबॉक्सची प्रिफर्डहाइट घ्या, त्यात दोन्ही पॅडिंग मिळवा. तपासायला "कुऱ्हा", "मूर्तिजापूर", "र्‍हास" असले शब्द टाइप करा. "कखग" टाइप करून काही कळत नाही.

बाकी थोडक्यात

नव्या लॅपटॉपवर स्केल १२५ किंवा १५० टक्के असतो, म्हणजे ९६ ऐवजी १२० किंवा १४४ डीपीआय (इंचामागे ठिपके). प्रोग्रामनं डीपीआय समजतं असं जाहीर केलं नसेल तर विंडोज सगळा फॉर्म चित्रासारखा ताणतं आणि बारीक रेघ धुरकट होते. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, ते जाहीर करा आणि चौकटीची जाडी कोडमधून देत असाल तर डीपीआय भागिले ९६ नं गुणून पूर्णांकात आणा.

डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे विनफॉर्म्सनंतर आलेल्या डॉटनेटच्या पद्धतीत, बॉर्डरब्रश आणि बॉर्डरथिकनेस दोन्ही आहेत, तरी तिथली तक्रार ठरलेली: रंग दिला, पण माउस वर नेला की निळा होतो. स्टाइलमध्ये कितीही ट्रिगर लिहा, उपयोग नाही, कारण तो निळा टेम्पलेटच्या आतल्या बॉर्डरवर थेट लावलेला असतो. कंट्रोलटेम्पलेट स्वतःचं लिहा. त्यात एक बॉर्डर आणि आत पार्ट कंटेंटहोस्ट नावाचा स्क्रोलव्ह्यूअर. नाव हेच पाहिजे, त्यात अंडरस्कोअरही आला, नाहीतर टाइप केलेलं दिसत नाही. गोल कोपरे हवे असतील तर तेही याच बॉर्डरच्या कॉर्नररेडियसमध्ये.

एक्सेलच्या युझरफॉर्मवर हिशोब चालवणारे आपल्याकडे कमी नाहीत, अर्ध्या कृषी सेवा केंद्रांचं उधारीचं वही-खातं त्यावरच आहे. तिथे बॉर्डरकलर आहे, पण बॉर्डरस्टाइल सिंगल केल्याशिवाय तो लागत नाही. मग स्पेशलइफेक्ट आपोआप फ्लॅट होतो. नंतर कोणी हौसेनं स्पेशलइफेक्ट पुन्हा संकन केला की बॉर्डरस्टाइल नन होते आणि रंग गेला. तुमच्या फॉर्मवरचा रंग कधीतरी अचानक गेला असेल तर कोडमध्ये काही शोधण्याआधी त्या डब्याचा स्पेशलइफेक्ट पाहा.